नदीच्या नावाचा मान

बोअरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत. चहा नंतर. पहिला घोट तोंडात घोळवत, खिडकीबाहेर बघत ते सावकाश गिळत आणि मग विचारत, "हे कुठलं?" मेडनहेडमधल्या आमच्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला हे विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नळाचं." ते हसले. "नळ हे काय गाव आहे, मृणाल? नळ म्हणजे नुसतं दार." मग त्यांनी माझी केटल उचलली, झाकण उघडून आत साचलेला पांढरा थर नखाने खरवडला आणि बोट माझ्यासमोर धरलं. "खाली चुनखडी आहे. इथली जमीन तू रोज चहातून पितेस आणि तुझी तिची ओळखसुद्धा नाही." नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर इंग्लंडला येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मेडनहेडला ट्रेन आहे, कौन्सिल टॅक्स आहे, पार्किंगची भांडणं आहेत हे मला ठाऊक होतं. मेडनहेडला जमीन आहे, हे मला त्यांनी सांगितलं.

त्यांचं खरं नाव माधव सबनीस. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी एका कंपनीबरोबर पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले ते दोन वर्षांच्या कराराने, आणि राहिले जन्मभर. कंपनी परत गेली, हे नाही गेले. गावोगावी बोअर मारायचे, हातपंप बसवायचे आणि ते दुरुस्त करायला गावातल्याच बायकांना शिकवायचं, हे त्यांचं काम. मध्ये तिथं यादवी युद्ध झालं तेव्हा शेजारच्या देशात जाऊन राहिले आणि बंदुका थांबल्याबरोबर सगळ्यात आधी पंप बघायला परत गेले. शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला. डायलिसिसशिवाय भागेना, आणि तिकडे त्याची सोय पुरेशी नव्हती, तेव्हा त्यांची मुलगी अनघाताई त्यांना मेडनहेडला घेऊन आली. ती इथं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. आमच्या घरांमध्ये एकच कुंपण.

'बोअरकाका' हे नाव मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलेलं. त्यात बोअरवेलही होती आणि दुसरा बोअरही होता, कारण काका एकदा सिएरा लिओनवर सुरू झाले की थांबत नसत. इथंच जन्मलेली एक चिमुरडी त्यांना सरळ म्हणाली होती, "काका, तुमचा गोष्ट खूप लांब आहे." काका म्हणाले, "गोष्ट लांब नाही गं, पाणी खोल आहे." मंडळाच्या कार्यक्रमांना बाकीचे पुरुष सिल्कचे कुर्ते घालून येत आणि काका तिकडच्या हातमागाचा, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जाडाभरडा झगा घालून येत. आपलं टोपणनाव त्यांना माहीत होतं. फोनवरसुद्धा "मी बोअरकाका बोलतोय" असं सांगत.

माझी नि त्यांची खरी गट्टी जमली ती माझी नोकरी गेल्यावर. रेडिंगच्या एका कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर टेस्टिंग करत होते, तो कॉन्ट्रॅक्ट संपला आणि पुढचा मिळेना. नवरा सकाळी लंडनची ट्रेन पकडायचा, अनघाताई सर्जरीत, म्हणजे तिच्या दवाखान्यात, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं रिकामे. डायलिसिस एक दिवसाआड असे. मधल्या दिवशी ते दार वाजवत आणि विचारत, "आउ दि बॉडी?" तिकडच्या क्रिओ भाषेतलं हे 'कसं काय?' शब्दशः अर्थ, देह कसा आहे? उत्तर द्यायचं, "टेल गॉड टेंकी", देवाला सांग आभारी आहे. पोस्टमनला, नदीवर होड्यांसाठी लॉकचे दरवाजे उघडणाऱ्या माणसाला, डायलिसिसच्या नर्सना, सगळ्यांना त्यांनी हा सवाल-जवाब शिकवून ठेवला होता. मग आम्ही थेम्सच्या काठाने चालायला जायचो. एखादा इंटरव्ह्यू हातचा गेला की मी गप्प असायची. अशाच एका दिवशी ते म्हणाले, "कोरडी बोअर लागली की माझे कामगार मशीनला शिव्या द्यायचे. मी म्हणायचो, अरे, जमीन आपल्याशी बोलली. इथं नाही म्हणाली. चार ठिकाणी नाही ऐकल्यावर पाचव्या ठिकाणी ती थोडी समजायला लागते." पाचव्या ठिकाणी नोकरी लागली असं नाही, बऱ्याच उशिरा लागली. पण 'नाही' ऐकून घरी येताना आपण हरलो आहोत असं वाटणं तेव्हापासून थांबलं.

त्यांच्यापुढे कुणी 'दान', 'चॅरिटी' असे शब्द काढले की त्यांचा आवाज चढे. "मी कुणाला पाणी दिलं नाही. पाणी त्यांच्याच जमिनीत होतं, त्यांच्याच बापजाद्यांचं. मी फक्त भोक पाडलं." हे ते इतक्यांदा म्हणत की माझ्या नवऱ्याने त्याची नक्कल बसवली होती. आता तो ती करत नाही.

स्वयंपाक मात्र ते माझ्या घरी करत. शेंगदाण्याच्या कुटाचा, लाल पामतेलाचा, पालेभाजीचा एक रस्सा. कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, पाला मिळाला नाही तर पालकावर भागवत. त्या तेलाचा वास घरभर पसरे आणि दोन दिवस जात नसे. "अनघाला हा वास चालत नाही," एवढंच ते म्हणाले होते. मला वाटलं, असतं एकेकाचं. तो वास तिच्या आईच्या स्वयंपाकघराचा होता, हे मला फार नंतर कळलं. काकू कुठे आहेत, कधी गेल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टी सांगणारे काका ती एक गोष्ट सांगत नसत.

अशीच एकदा मार्चमध्ये भाजी शिजत असताना त्यांचा फोन वाजला. तिकडच्या मंत्रालयातून होता. काका ताठ उभे राहिले आणि "येस सर, येस सर" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी आधी शेगडी बंद केली, मग खुर्ची ओढून बसले.

"काय झालं, काका?"

"मला रोकेल देतायत."

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. ज्यांनी देशाची निष्ठेने सेवा केली अशांना सिएरा लिओन एक राष्ट्रीय सन्मान देतं, 'ऑर्डर ऑफ द रोकेल'. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते. रोकेल हे तिथल्या एका नदीचं नाव.

"काका! केवढी मोठी गोष्ट आहे!" मी म्हणाले.

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते टेबलावरच्या पामतेलाच्या डागावरून बोट फिरवत होते. "आम्ही मगबुराकाला राहायचो. त्या नदीच्या काठचं गाव. सुमनला, अनघाच्या आईला, तिथंच सोडलं. रोकेलमध्ये." जरा थांबून म्हणाले, "मान देतायत तो नेमका त्या नदीच्या नावाचा. आता हे अनघाला कसं सांगू?"

संध्याकाळी त्यांनी ते मला बरोबर घेऊनच सांगितलं. अनघाताई नुकतीच सर्जरीतून आली होती, कोट अजून अंगातच होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कशाबद्दल म्हणालात?"

"डेडिकेटेड सर्व्हिस. निष्ठेची सेवा."

"म्हणजे घरी नसल्याबद्दल."

ती कोट काढायला आत गेली ती बाहेर आलीच नाही.

तिची बाजू मला तिनेच दुसऱ्या दिवशी सांगितली, कुंपणापाशी उभं राहून. ती अकरा वर्षांची होती, पाचगणीला बोर्डिंगमध्ये. तिकडे आईला ताप आला, मलेरिया मेंदूत गेला. काका आतल्या भागात बोअर मारायला गेलेले. निरोप पोचला, पण पावसाने रस्ता वाहून गेला होता. ते मगबुराकाला पोचले तोवर आई जाऊन एक दिवस झाला होता. "मला बाईंनी वर्गातून बाहेर बोलावलं," अनघाताई म्हणाली. "त्यानंतर बाबा मला न्यायला येतील असं वाटलं होतं. आत्या आली. बाबा दोन महिन्यांनी आले आणि तीन आठवड्यांत परत गेले. मृणाल, माझी आई परक्या देशात, परक्या खोलीत एकटी मेली. तिच्या उशाशी तिच्या भाषेतला एक शब्द बोलायला कुणी नव्हतं. आणि आता त्याबद्दल त्यांना मेडल मिळणार."

काकांना मात्र जायचं होतं. इतकं की त्यांच्या चालण्यात फरक पडला. डायलिसिसच्या कन्सल्टंटने विमानप्रवासाला साफ नकार दिला. तिकडे सोय नाही, मधल्या फेऱ्या चुकल्या तर शरीर ते सोसणार नाही. काकांनी मान डोलावली, घरी आले आणि दोन दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून शांतपणे म्हणाले, "मला ऑनलाइन तिकीट काढून देशील? जाण्याचं."

"आणि येण्याचं?"

"ते बघू."

मी म्हणाले, "काका, मी काढणार नाही. आणि हे मी ताईला सांगणार आहे, तुमच्यासमोर." ते रागावतील असं वाटलं. पण लहान मुलासारखे मुकाट माझ्या मागून कुंपण ओलांडून आले.

अनघाताईचा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता. "म्हणजे पुन्हा तिकडेच! मी इथं तुमची औषधं मोजतेय, तुमचं पाणी मापून देतेय, आणि तुम्हाला मरायलासुद्धा तिकडेच जायचंय?"

"मरायला नाही गं. घ्यायला जायचंय."

"काय घ्यायला? बिल्ला?"

"तुझी आई ज्या नदीत आहे तिचं नाव आहे त्याच्यावर," काका म्हणाले. "ते मी पोस्टाने मागवू?"

मी निघून आले. त्यांच्या घरातले दिवे त्या दिवशी लवकर मालवले.

पुढचा आठवडा काका फिरायला आले नाहीत. मग एका शनिवारी अनघाताई माझ्या दारात उभी. "मी जाते आहे तिकडे. त्यांच्या वतीने मी घेतलं तर चालेल, असं ते लोक म्हणाले. त्यांच्यासाठी नाही जात. मला ती जागा बघायचीय. तू डायलिसिसच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाशील?"

सोहळ्याच्या दिवशी मी आणि काका त्यांच्या बैठकीत फोन मध्ये ठेवून बसलो होतो. व्हिडिओ लागेना. मग एक फोटो आला. अनघाताई गर्द निळ्या साडीत, गळ्यात फीत, तिच्या बाजूला कुणी उंच अधिकारी. काकांनी चष्मा पुसून फोटो मोठा केला. पदकाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. "उभी कशी राहिलीय बघ," ते म्हणाले. "एक पाय थोडा पुढे. सुमन अशीच उभी राहायची." आणि उठून खिडकीशी गेले. मी चहा करायला आत गेले आणि बराच वेळ आतच थांबले.

त्यानंतर ताईचा फोन नाही. ती फ्रीटाउनहून मगबुराकाला गेली एवढंच कळलं. काका दर तासाला विचारत, तिकडे पाऊस सुरू झाला का ते बघ. मी फोनवर बघून सांगायची. त्यांना ते खरं वाटत नसे. "रस्त्याचं काही लिहिलंय का?" ते विचारत. त्या दिवसांत मला पहिल्यांदा जाणवलं, वाट बघणारा माणूस होऊन बसणं काय असतं हे ते म्हातारपणी शिकत होते. चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एका बाईचा भरदार आवाज, "पा मादो! आउ दि बॉडी?" माधवचं तिकडे 'पा मादो', म्हणजे मादोबाबा, झालं होतं. काकांच्या तोंडून 'टेल गॉड टेंकी' फुटेना. नुसताच हात छातीवर ठेवून ते उभे राहिले. ती इसातु होती, आणि अनघाताई तिच्याकडे सुखरूप पोचली होती. त्यांनी पंपदुरुस्ती शिकवलेल्या पहिल्या बायकांपैकी एक.

हीथ्रोवरून अनघाताईला मी घेऊन आले. गाडी मोटरवेला लागेपर्यंत ती बोलली नाही. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "आई एकटी नव्हती, मृणाल."

"म्हणजे?"

"इसातु तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. आई तिला शिवण शिकवायची. ताप चढल्यावर ती नि गल्लीतल्या बायका आळीपाळीने बसल्या. आई शेवटी शेवटी मराठीतच बोलत होती. त्यांना कळत नव्हतं, पण कुणीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून त्या क्रिओत उत्तरं देत होत्या. ती काहीतरी म्हणायची, या 'येस सिस्टर' म्हणायच्या, 'ती येतेय' म्हणायच्या. कारण एक शब्द त्यांना माहीत होता. माझं नाव." तिने डोळे पुसले नाहीत. "आई गेल्यावर त्यांनी मासळीवाल्यांकडून बर्फाच्या लाद्या आणल्या. बाबा येईपर्यंत तिला त्याच्यावर ठेवलं. तिथं माणसाला जाळत नाहीत. पण त्यांच्या मुखियाने सांगितलं, तिच्या लोकांची जशी रीत तसं होऊ दे, आणि स्वतः लाकूड दिलं. इसातुने मला ती जागा दाखवली. तिथं आता बायका कपडे धुतात. गप्पा मारतात, हसतात. मी तिथं दगडावर बसले. एकीने माझ्या हातात साबण दिला."

"साबण?"

"मी रिकामी बसले होते ना." ती हसली आणि मग मात्र रडली. मला पुढच्या फाट्याला मोटरवे सोडून गाडी थांबवावी लागली.

घरी काका दारातच उभे होते. अनघाताईने पर्समधून डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडता टेबलावर ठेवली.

"बाबा, इसातुने सगळं सांगितलं. तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं मी तिला त्या खोलीत एकटीच बघत होते."

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "आधी तू लहान होतीस. मग मोठी झालीस तेव्हा माझ्यापुढे आईचं नाव काढेनाशी झालीस. आणि मी काय सांगणार होतो? इतर सगळ्या होत्या, मीच नव्हतो, असं? मी नव्हतो, हे खरंच होतं ना. ते हलकं करायला इसातुचं नाव पुढे करायचं, हे माझ्याने झालं नाही."

अनघाताई म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"बसा. पाय सुजलेत तुमचे." आणि तिने स्वतः खाली बसून त्यांचे बूट काढले.

मंडळाने गणपतीत काकांचा सत्कार केला. अध्यक्षांनी भाषणात सिएरा लिओन दक्षिण अमेरिकेत नेऊन ठेवलं. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि चार शब्द बोलण्याची विनंती करताना घड्याळाकडे सूचक नजर टाकली. सगळे तयारीने टेकून बसले. काका माइकपाशी आले. "मान माझ्या नावावर आहे," ते म्हणाले, "पण त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली. एक ती, जी तिथं राहिली. आणि एक ही, जी इथं बसलीय." आणि खाली उतरले. इतकं छोटं भाषण त्या हॉलमध्ये त्याआधी कुणी केलं नव्हतं. अनघाताई पहिल्या रांगेत मान खाली घालून शालीची घडी घालत होती, पुन्हा मोडत होती, पुन्हा घालत होती.

त्यानंतरचे महिने काका माझ्याकडे कमी येऊ लागले. मला नोकरी लागली होती हे एक कारण. दुसरं कारण कुंपणापलीकडे होतं. सर्जरीतून आली की अनघाताई त्यांच्यासमोर बसे आणि म्हणे, "सांगा." ज्यांना थांबवण्यासाठी आम्ही युक्त्या शोधायचो ते काका सुरुवातीला अडखळले म्हणे. कुठून सुरू करायचं ते कळेना. मग एकेक निघत गेलं. सुमनकाकू जहाजातून उतरल्या तेव्हा चपलेचा अंगठा तुटला होता. मग त्या बाजारात भाव करायला क्रिओ कशा शिकल्या. मग तिथल्या बायकांना पुरणपोळी करून घातली आणि त्यांनी ती मिरचीच्या सॉसबरोबर खाल्ली. रविवारी कधी त्या घरातून पामतेलाचा वास येई आणि तो घालवायला कुणी खिडक्या उघडत नसे. मी ऑफिसातून येताना पेव्हमेंटवर थांबून तो वास घ्यायची. खरं सांगायचं तर मला थोडं एकटं वाटे. पण दार मुळात ज्याचं होतं त्याला उघडलं होतं, हे मला कळत होतं.

फेब्रुवारीत त्यांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलं. शरीर आता साथ देत नव्हतं. डॉक्टरांशी बोलून, मुलीशी बोलून, पूर्ण शुद्धीत. मी भेटायला गेले तेव्हा ते त्यांच्या पलंगावर उशाला टेकून बसले होते आणि ताई औषधं लावत होती. मला वाटलं होतं तेच मी बोलले, "काका, तुम्हाला मगबुराकाला न्यायची सगळी व्यवस्था आम्ही करू. काकूंच्या जवळ."

ते नाही म्हणाले. हळू पण स्पष्ट. "नको. मला इथंच सोडा. थेम्समध्ये."

अनघाताईचे हात थांबले. "बाबा, आयुष्यभर तुम्हाला तिकडेच—"

"तिकडे तुझ्या आईला पुष्कळ माणसं आहेत. तूच सांगितलंस ना. एकदा जिथं असायला हवं होतं तिथं मी नव्हतो." त्यांना धाप लागली, थोडं थांबले. "आता तुझ्याजवळ राहतो. तुझं चालणं-फिरणं इथं आहे."

ती त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या पांघरुणावर डोकं ठेवलं. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. मी दार लोटून घेतलं. तीच आमची शेवटची भेट.

मार्चमधल्या एका थंड सकाळी एक छोटी होडी भाड्याने घेऊन आम्ही लॉकच्या वरच्या बाजूला गेलो. अनघाताई, माझा नवरा, मी. वारा नव्हता. पाणी जवळजवळ थांबल्यासारखं वाटत होतं. ताईने कलश तिरपा केला आणि राख करड्या पाण्यावर क्षणभर पसरून राहिली, मग खाली गेली. काठावर परत आल्यावर तिने इसातुला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मोडक्यातोडक्या क्रिओत नि इंग्रजीत तिने सांगितलं, झालं, इथल्या नदीत सोडलं, त्यांचीच तशी इच्छा होती.

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी लांबून कुणाला हाक मारत होतं. मला वाटलं, इसातुला वाईट वाटलं. त्यांनीही काकांना आपलंच मानलं होतं, त्यांचाही हक्क होता.

मग इसातुने विचारलं, "पा मादोंना पोहता यायचं का गं?"

अनघाताई गोंधळली. "नाही. अजिबात नाही. का?"

"मग लांब नाही जाणार," इसातु म्हणाली. "जवळच राहतील."